दूरच्या दीर्घिकांमधला वायू टिपायला नुसती मोठी डिश का पुरत नाही?

तुम्ही विचारलंय की दूरच्या दीर्घिकांमधला विरळ हायड्रोजन टिपायचा तर रेडिओ दुर्बिणीची डिश मोठी केली की झालं, मग रिसीव्हरवर, म्हणजे डिशने गोळा केलेल्या लहरी नोंदवणाऱ्या उपकरणावर, एवढी मेहनत कशाला?

डिश मोठी हवीच. पण मी रिसीव्हरच्या कामात आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त झगडावं लागतं ते आपल्याच उपकरणाशी.

उदासीन हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झला, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीला उत्सर्जन करतो. एकेका अणूला आपणहून ते करायला सरासरी सुमारे १.१ कोटी वर्षं लागतात. वायूचा साठा अफाट असतो म्हणूनच काहीतरी हाती लागतं.

चांगल्या रिसीव्हरचं सिस्टिम टेम्परेचर, म्हणजे निरीक्षणात मिसळणारी एकूण खरखर (नॉइज) तापमानाच्या मापात, २० केल्विन धरा. २० किलोहर्ट्झचा चॅनल, म्हणजे वारंवारतेचा अरुंद तुकडा, तासभर नोंदवला की नॉइज साधारण २.४ मिलिकेल्विनवर येतो. तो निम्मा करायचा तर वेळ चौपट. आता फीड (डिशने एकवटलेल्या लहरी टिपणारा भाग) आणि पहिला अँप्लिफायर (सिग्नल वाढवणारा भाग) यांच्यामधली वीतभर जागा बघा. तिथल्या केबल-कनेक्टरमध्ये फक्त ०.१ डेसिबल, म्हणजे सिग्नलचा दोनेक टक्के भाग, वाया गेलं आणि तो भाग थंड केलेला नसेल, तर जवळपास ७ केल्विनची भर पडते. २० चे २७ झाले, की तेवढ्याच संवेदनशीलतेसाठी निरीक्षणाचा वेळ पावणेदोन पटीच्या वर जातो. म्हणून आम्ही एकेका कनेक्टरवरून वाद घालतो, आणि घालायलाच हवा.

तरी नॉइजवर वेळ हे औषध आहे. बँडपास म्हणजे उपकरण वेगवेगळ्या वारंवारतांना किती प्रतिसाद देतं ते; त्यातल्या लाटांवर ते औषध चालत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सची ६४ मीटरची डिश घ्या. डिशचा तळ आणि नाभी यांत साधारण २६ मीटर अंतर आहे. काही लहरी या दोहोंमध्ये परावर्तित होत राहतात आणि वर्णपटात दर ५.७ मेगाहर्ट्झला एक उंचवटा उमटतो. वेगाने फिरणाऱ्या मोठ्या दीर्घिकेची हायड्रोजनची रेषा वर्णपटात दोनेक मेगाहर्ट्झ रुंद असते. अशा वेळी उंचवटा कुठला आणि दीर्घिका कुठली, हे ओळखणं फार कठीण जातं.

त्यामुळे अनेक अँटेना जोडलेली दुर्बीण मला जास्त भरवशाची वाटते. प्रत्येक अँटेनाचा नॉइज स्वतंत्र असतो. दोघींचे सिग्नल गुणून सरासरी काढली की तो विरत जातो, शिवाय वायूचा नकाशाही मिळतो. पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. पण बँडपास तिथेही नीट मोजावाच लागतो. त्यात हजारात एक भाग चूक राहिली, तर दृष्टिक्षेत्रातला १ जान्स्कीचा (जान्स्की हे रेडिओ तेजाचं एकक) स्रोत १ मिलिजान्स्कीची खोटी रेषा दाखवू शकतो, आणि दूरच्या दीर्घिकेची खरी रेषा त्याहून कितीतरी क्षीण असते.

त्यात रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणामुळे लहरी किती ताणल्या गेल्या त्याचं माप) १ असेल तर १४२० चे ७१० मेगाहर्ट्झ होतात. रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखलेला १४०० ते १४२७ चा पट्टा मागे पडतो आणि मोबाइल, टीव्हीच्या गर्दीत शिरावं लागतं. फिल्टर लावावा तर त्याचाही लॉस अँप्लिफायरच्या आधीच येतो.

२०२० मध्ये जीएमआरटीच्या निरीक्षणांतून ७६५३ दीर्घिकांचे सिग्नल एकत्र करून रेडशिफ्ट १ च्या आसपासचा सरासरी हायड्रोजन मोजला गेला. एकेकटी दीर्घिका त्यात दिसतही नव्हती. अशी बेरीज करताना नॉइज कमी होत जातो, पण उपकरणाचा ठरावीक दोष तसा कमी होईलच याची हमी नसते. म्हणून तो रिसीव्हरमध्येच निपटायचा असतो.