पंतप्रधान देशी गाडी सोडून परदेशी बनावटीची का वापरतात?

कारण गाडी त्यांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेली एसपीजी ठरवते, आणि एसपीजी आधी चिलखत बघते, कंपनीचा बिल्ला नंतर. वाजपेयींच्या काळात अ‍ॅम्बेसेडर जाऊन बीएमडब्ल्यू आली ती याच हिशेबाने. २०२१ मध्ये ताफ्यात आलेली मर्सिडीज-मेबॅक एस६५० गार्ड व्हीआर१० दर्जाची, म्हणजे रायफलीच्या चिलखतभेदी गोळ्या झेलायला कारखान्यातच बांधलेली. साध्या गाडीवर मागाहून पोलादी पत्रे चढवले की वजन बेसुमार वाढतं. ब्रेक, सस्पेन्शन, अगदी दारांच्या बिजागऱ्याही कुरकुरतात. एक मात्र आहे, मोदींच्या ताफ्यात दिसलेली रेंज रोव्हर ब्रिटिश बनावटीची असली तरी ती बनवणारी कंपनी २००८ पासून टाटांचीच आहे.