आईचं नाव त्या पेपरात का नाही?

प्रश्न : ताई, २००१ साली मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. तेव्हा आमच्या गावात बार्शीच्या दवाखान्याची गाडी आली. तीस ते एकोणसाठ वयाच्या बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी होती. आई ४१ ची होती. नको नको म्हणत गेली. काही आठवड्यांनी निरोप आला, परत बोलावलं, आणि तोंडाचा भाग गारठवायचा उपचार केला. आज ती ६५ ची आहे, रोज शेतात जाते. तेव्हा माझ्या पोटात होता तो मुलगा आता एम.पी.एच., म्हणजे सार्वजनिक आरोग्यातलं पदव्युत्तर शिक्षण, करतोय. त्याला मोबाइलवर या तपासणीवर संशोधन करणाऱ्या डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन यांची पब्लिकेशनची यादी सापडली. शेकडो पेपर म्हणजे शोधनिबंध, आणि हजारो सायटेशन, म्हणजे दुसऱ्यांनी केलेले त्यांचे उल्लेख. त्यात उस्मानाबाद जिल्ह्याचा पेपर आहे. "आजी, तू आहेस यात," असं तो म्हणाला, तर आई म्हणाली, "मग माझं नाव कुठंय?" आम्हा दोघांनाही उत्तर देता आलं नाही. पीएच.डी.चा गाइडही तो याच आकड्यांवरून निवडणार म्हणतोय. बरोबर आहे का?
– एक शिक्षिका, वय ४५, धाराशिव जिल्हा

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी ३१ वर्षं काढली. डॉक्टरांच्या पेपरांच्या याद्या, कोणी कोणाला उद्धृत केलं याच्या नोंदी, हेच काम. पण पेपरातल्या एखाद्या बाईनं आपलं नाव विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आधी आईंचं. नाव नाही, कारण ते छापायचंच नसतं. कोणाला काय निघालं हे गावाला कळू नये म्हणून नावं झाकून ठेवतात. पण आई त्या पेपरात नक्की आहेत, आणि कुठे ते आपल्याला बरंचसं शोधता येतं.

हा पेपर 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एप्रिल २००९ मध्ये आला. पहिलं नाव शंकरनारायणन यांचं, दुसरं बार्शीच्या डॉ. भगवान नेने यांचं. जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले, आणि कोणत्या गटाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. एकूण १,३१,७४६ बायका. ३४,१२६ जणींची, हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही या विषाणूसाठी चाचणी. ३२,०५८ जणींची काचपट्टीवरची पेशींची तपासणी. ३४,०७४ जणींना व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. राहिलेल्या ३१,४८८ जणींना फक्त माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा.

आम्ल लावून पाहतात तेव्हा निकाल तिथल्या तिथे कळतो. तुमच्या आईंचा निरोप काही आठवड्यांनी आला. म्हणजे त्या एचपीव्हीच्या नाही तर काचपट्टीच्या गटातल्या. या दोन गटांची बेरीज ६६,१८४. त्यातल्या एक तुमच्या आई. नातवाला सांगा, पेपर उघडून ते आकडे आजीला बोटानं दाखव.

आता तो पेपर काय सांगतो. प्रत्येकीची तपासणी फक्त एकदा झाली होती, आणि पुढे सुमारे आठ वर्षं नोंदी ठेवल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं न तपासलेल्या गटात ६४ जणी गेल्या. एचपीव्हीच्या गटात ३४. काचपट्टीच्या गटात ५४ आणि आम्लाच्या गटात ५६. शेवटचे दोन आकडे न तपासलेल्या गटापेक्षा कमी दिसतात, पण गणिताच्या कसोटीवर तो फरक टिकला नाही. टिकला फक्त एचपीव्हीचा. आयुष्यात एकदा झालेल्या चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला याच पेपरात दिसतं. दोन वर्षं आधी, २००७ मध्ये, शंकरनारायणन यांचाच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दिंडिगुल जिल्ह्याचा अभ्यास आला होता. तमिळनाडूत तेच आम्ल लावून, डोळ्यांनी पाहून तपासणी केली आणि मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले. स्वस्त आणि नर्सलाही करता येणारी ही पद्धत. तिच्यासाठी या माणसानं वर्षानुवर्षं काम केलं होतं. आणि उस्मानाबादेत तीच पद्धत मृत्यू कमी करताना दिसली नाही. त्यांनी ते तसंच छापलं, जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात. माझ्या लेखी त्यांच्या सगळ्या यादीत याला सर्वांत जास्त मोल आहे. आपण ज्या उपायाच्या बाजूचे, त्याच्या विरोधात गेलेला निकाल या माणसानं छापलाय का, हे मुलानं प्रत्येक गाइडच्या यादीत शोधावं. एकही सापडला नाही तर जपून राहावं.

सायटेशन म्हणजे दुसऱ्या कोणी आपल्या पेपरात याचा उल्लेख केला, एवढंच. पूर्वी आम्ही हे सायन्स सायटेशन इंडेक्सच्या जाडजूड खंडांत शोधायचो. पातळ कागद, मुंगीएवढी अक्षरं. भिंग धरून आडनावाखालून बोट सरकवत जायचं. 'जोशी एस.' आलं की पोटात गोळा यायचा, कारण ते दहा जण निघायचे. संगणक आल्यावरही तो घोटाळा गेलेला नाही. पाटील, जोशी, शिंदे यांच्या पानावर दुसऱ्याच पाटलांचे पेपर चिकटलेले मी कितीदा काढून दिलेत. म्हणून आकडा वाचायच्या आधी यादी खरंच त्याच माणसाची आहे का ते बघायचं.

आणि उल्लेख म्हणजे कौतुक नव्हे. उस्मानाबादच्या पेपराचा उल्लेख करणाऱ्यांत कडक टीका करणारेही आहेत. उपाय हाताशी असताना ३१,४८८ बायकांना न तपासता का ठेवलं, हा त्यांचा सवाल. जिल्ह्यात तेव्हा तपासणीची सोयच नव्हती, म्हणून नेहमीची सेवा म्हणजे न तपासणंच होतं, असं संशोधकांच्या बाजूनं सांगितलं गेलं. मला हे उत्तर पुरतं पटत नाही. त्या ६४ जणी आपल्याच परांड्याच्या, भूमच्या, कळंबच्या असतील. त्या गटाशिवाय एचपीव्हीचा फरक सिद्ध झाला नसता हेही तितकंच खरं, आणि या दोन गोष्टी माझ्या मनात अजून शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. सायटेशनच्या आकड्यात मात्र टीका आणि शाबासकी एकाच टोपलीत पडते.

मुलगा 'एच-इंडेक्स' म्हणत असेल. तो २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं सुचवला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमानं लावायचे आणि वरून मोजत यायचं. विसाव्या पेपराला निदान २० सायटेशन आहेत, पण एकविसाव्याला २१ नाहीत, तर एच-इंडेक्स २०. वय वाढेल तसा तो वाढतो, कमी कधी होत नाही. चाळिशीतला गाइड आणि सत्तरीतला गाइड त्यावर तोलायचे नसतात.

कर्करोगाच्या क्षेत्रात आणखी एक गोष्ट आहे. जगात दरवर्षी किती जणांना कोणता कर्करोग होतो याचे आकडे देणारा आढावा दर काही वर्षांनी निघतो. या विषयावरचा जवळजवळ प्रत्येक पेपर पहिल्या वाक्यात तोच आढावा उद्धृत करतो, त्यामुळे त्याची सायटेशन हजारोंनी वाढतात. तो आढावा गरजेचाच आहे. पण गाडी घेऊन गावोगाव फिरणाऱ्यांच्या पेपराशी त्याची तुलना केली तर फिरणाऱ्यांवर अन्याय होतो.

याच अभ्यासातून नेने यांचा एक लहान पेपर २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला. बोलावलेल्या बायकांपैकी कोण आल्या, कोण नाही आल्या, एवढाच त्याचा विषय. दहांतल्या जवळपास आठ जणी आल्या. तरुण, शिकलेल्या, नवरा असलेल्या बायका जास्त आल्या. म्हणजे म्हाताऱ्या, विधवा, शाळा न पाहिलेल्या मागे राहिल्या. प्रसिद्धी मोठ्या पेपराला मिळाली, पण उद्या तुमच्या तालुक्यात शिबिर लावायचं तर मी आधी हा लहान पेपर वाचेन. मुलाला तो जरूर वाचायला द्या.

महाविद्यालयात मी उलट प्रकारही पाहिलेत. बढतीच्या फायली यायच्या तेव्हा एकाच माहितीचे चार पेपर केलेले दिसायचे, एका भाकरीचे चार तुकडे चार ताटांत वाढल्यासारखे. संपादकांना लिहिलेलं पत्रसुद्धा पेपर म्हणून मोजायला लावायचे. मी विरोध करायचे, कधी ऐकलं जायचं, कधी नाही. म्हणून गाइड निवडताना मुलानं त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून विचारावं : पेपरावर पहिलं नाव तुमचं लागलं का? फील्डवर सर किंवा मॅडम स्वतः आल्या का? माहिती गोळा करणाऱ्या आरोग्यसेविकांचे आभार तरी छापले का? एवढ्यावर माणूस कळतो.

त्या हजारो सायटेशनचं पुढे काय झालं, हेही त्याला पाहू द्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली : तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी. त्यामागच्या पुराव्यात तुमच्या जिल्ह्यातल्या बायका आहेत. आपल्याकडे २०१६ मध्ये ३० ते ६५ वयाच्या बायकांना दर पाच वर्षांनी आम्ल लावून तपासायचं ठरलं. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, कधी तपासणी झाली का, तर शंभरातल्या दोघींनीही हो म्हटलं नाही. १.९ टक्के. हा आकडा मी कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलाय.

तुम्ही पत्राखाली स्वतःचं वय ४५ लिहिलंत. आईची तपासणी झाली, मुलाच्या शिक्षणाचं विचारलंत, स्वतःच्या तपासणीबद्दल एक अक्षर नाही. उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात जा आणि गर्भाशयमुखाची तपासणी करायची आहे असं सरळ सांगा. एचपीव्हीची सोय कुठे आहे तेही तिथेच विचारा. पाळीचे दिवस टाळून जा. आईंना सोबत न्या, त्यांना सगळं आठवत असेल.