दोन मज्जा आणि एक मगज

एका वाचकाचा प्रश्न: वडिलांना वाल्डेनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया हा रक्ताचा दुर्मीळ कर्करोग आहे. माहितीपत्रकात लिहिलंय, 'अस्थिमज्जेच्या या आजारात क्वचित मज्जासंस्थाही बाधित होते.' या दोन्ही मज्जा एकच का? म्हणजे आजार मेंदूत आधीपासूनच आहे का?

नाही, या वाक्याचा तसा अर्थ होत नाही. शब्द एक असला तरी ठिकाणं दोन आहेत. अस्थिमज्जा हाडांच्या पोकळीत असते, रक्तपेशी तिथे तयार होतात आणि हा आजारही मुख्यतः तिथलाच. मज्जासंस्था म्हणजे मेंदू, मज्जारज्जू आणि अंगभर पसरलेले मज्जातंतू.

संस्कृतात 'मज्जन्' म्हणजे कठीण कवचातला मऊ गाभा. आयुर्वेदाच्या सात धातूंत अस्थीनंतर मज्जा येते. अमरकोशात झाडाच्या गाभ्यालाही मज्जा म्हटलंय. कवटी आणि मणके हीसुद्धा हाडंच, त्यामुळे त्यांच्या आतल्या मऊ ऐवजाला तेच नाव चिकटलं. ग्रीक 'म्येलॉस'चंही तसंच झालं. मायलोमा हा कर्करोग अस्थिमज्जेचा, तर मायलायटिस हा दाह मज्जारज्जूचा. मला सगळ्यांत लोभस वाटतो तो आपला 'मगज'. फारसीतून आलेला हा शब्द 'मज्जन्'चाच दूरचा भाऊ. फारसीत त्याचा अर्थ मेंदू आणि बीतला गर, दोन्ही. म्हणून डोक्यातही मगज आणि मिठाईवर पेरलेल्या खरबुजाच्या सोललेल्या बियाही मगज!

माझी खरी तक्रार 'बाधित'बद्दल आहे, कारण त्या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. या आजारात आयजीएम नावाचं प्रथिन रक्तात वाढतं. ते कधी मज्जातंतूंच्या वेष्टणावर हल्ला करतं. मग तळपायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, चालताना तोल जातो. अशा वेळी कर्करोगाच्या पेशी मेंदूत गेलेल्या नसतात. फार विरळा रुग्णांत मात्र त्या पेशीच मेंदूत, मज्जारज्जूत किंवा त्यांच्या आवरणांत शिरतात. त्याला बिंग-नील सिंड्रोम म्हणतात. बिंग आणि नील या डॉक्टरांनी असे दोन रुग्ण १९३६ साली नोंदवले. वाल्डेनस्ट्रॉम यांचं मूळ आजाराचं वर्णन त्यानंतर आठ वर्षांनी, १९४४ साली आलं.

पहिल्याला 'मज्जातंतूंना इजा' म्हणावं, दुसऱ्याला 'शिरकाव'. 'नसांवर परिणाम' म्हणू नये, कारण आपण रक्तवाहिनीलाही नसच म्हणतो आणि रक्ताच्या आजारात घोटाळा आणखी वाढतो. मज्जासंस्थेसाठी 'चेतासंस्था' हा शब्द शालेय पुस्तकांत रुळलेला आहे, तो इथे हक्कानं वापरावा.

माहितीपत्रकातलं ते वाक्य मी असं लिहीन: 'या आजारात काहींच्या हातापायांच्या चेतातंतूंना इजा होते, फार क्वचित आजाराच्या पेशी मेंदूत किंवा पाठीच्या कण्यातल्या चेतारज्जूत शिरतात.' वडिलांच्या बाबतीत यातलं काही आहे का, आणि असल्यास कोणतं, हे डॉक्टरांना याच शब्दांत विचारा.