टॅगवरची तारीख आणि बोर्डातला काळा तुकडा

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. चार हँड ग्राइंडर, एक बेंच ग्राइंडर, एक वेल्डिंग मशीन. मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळतेय, पण त्यांचा माणूस म्हणतो सगळ्यांना टेस्टिंगचे टॅग हवेत. स्टिकर छापून लावले तर चालेल?

नाही. आधी तपासणी, मग टॅग. ही पद्धत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटनमध्ये रुळलेली आहे. टॅगवर तपासणाऱ्याचं नाव, तारीख आणि पुढची तारीख लिहितात, म्हणजे उद्या काही झालं तर जबाबदार माणूस सापडतो.

निम्मं काम डोळ्यांनीच होतं. प्लग काढा, ग्राइंडर हातात घ्या आणि केबल बॉडीत शिरते तिथे वाकवून बघा. आतली वायर दिसली तर टेप गुंडाळू नका, केबल बदला. बेंच ग्राइंडरचा प्लग टॉप उघडा. हिरवी म्हणजे अर्थिंगची वायर मोठ्या पिनेला कसलेली हवी. ती कापून मागे दुमडलेली मला कितीदा सापडली आहे! दोन वायरींवरही मशीन फिरतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. हँड ग्राइंडरवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते डबल इन्सुलेशनचं असतं, त्याला हिरवी वायर नसतेच.

मग मापन. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या 3760 क्रमांकाच्या मानकात अर्थ पिन ते बॉडी रोध 1 ओहमच्या आत आणि 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) इन्सुलेशन किमान 1 मेगओहम लागतं. मेगर लावताना मशीनचा स्विच ऑन ठेवा, नाहीतर स्विचच्या पुढचं काहीच तपासलं जात नाही. वेल्डिंग मशीन इन्व्हर्टरचं असेल तर आधी मॅन्युअल बघा, आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. तुमच्या शॉपमध्ये लोखंडाचा कीस सगळीकडे उडतो, त्यामुळे दर सहा महिन्यांनी तपासा.

प्रश्न : वडगावला आमचे माग आहेत. लाइट आणि कांडी मशीनच्या लाइनवर आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवला, पण तो सारखा पडायचा. वायरमनने काढून सरळ जोड दिला. आता त्रास नाही. एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आहेच, मग बिघडलं कुठे?

कळकळीने सांगतो, तो आजच परत बसवून घ्या. 16 अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या छातीतून 30 मिलिअँपिअरहून जास्त करंट थोडा वेळ गेला तरी हृदय बंद पडू शकतं, आणि 16 अँपिअर म्हणजे त्याच्या पाचशेपटीहून जास्त. माणूस चिकटून राहील, एमसीबी हलणारही नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून बघतो. फरक 30 मिलिअँपिअर व्हायच्या आत पडतो.

तो सारखा पडत होता म्हणजे काहीतरी सांगत होता. आपल्याकडे यामागे बरेचदा एकच कारण निघतं. अर्थिंग ओढायचा कंटाळा म्हणून बोर्डाच्या आत न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला तुकडा टाकलेला असतो. त्यामुळे परतीचा थोडा करंट अर्थवाटे जातो, हिशेब जुळत नाही. खरा धोका पुढे आहे. न्यूट्रल कुठे तुटला तर बल्ब-मोटरमधून आलेला फेज त्याच तुकड्यावरून मशीनच्या पत्र्यावर येतो. एका कारखान्यात कूलरला हात लावून पोरगा फेकला गेला होता. वाचला. बोर्ड उघडला तर काळ्या वायरचा बोटभर तुकडा.

मेन बंद करून सगळे प्लग काढा, बल्बही उतरवा. आरसीसीबीकडून जाणारी न्यूट्रल सोडवा आणि न्यूट्रल-अर्थमध्ये कंटिन्युइटी, म्हणजे दोन्ही कुठे जोडलेले आहेत का, ते मीटरवर बघा. दिसली तर एकेक बोर्ड सुटा करत जा. हे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

प्रश्न : खानापुरात आमचं हॉटेल आहे. पावसात फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात, चप्पल घातली की येत नाहीत.

फ्रिज लगेच बंद करून प्लग काढा. अर्थ पोहोचतच नाही, चप्पल फक्त ते झाकते. अर्थिंग नीट झाल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका.

प्रश्न : निपाणीच्या आमच्या गोदामात कुणी मराठी वाचतं, कुणी कन्नड. टॅग कुठल्या भाषेत?

दोन्ही भाषांत लिहा, पण भर रंगावर द्या. ऑस्ट्रेलियातल्या बांधकामांवर दर तिमाहीला टॅगचा रंग बदलतात, तसे तुमचे रंग ठरवून दारापाशी लावा. लाल मात्र नापास मशीनसाठीच राखा, आणि लाल टॅग लागलेल्या मशीनचा प्लग कापून ऑफिसात ठेवा, म्हणजे रात्रपाळीत कुणी ते जोडणार नाही.