तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : जॉयस्टिक लावली, पण विमान ऐकत नाही

मागच्या अंकात फ्लाइट सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळावर, चार ओळी काय लिहिल्या, या महिन्याची निम्मी पत्रं त्यावरच आलीत, आणि त्यातली बहुतेक जॉयस्टिकच्या सेटिंगबद्दल. त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, आज फक्त हेच.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सेस्ना १७२ हे छोटं विमान घेऊन टेकऑफ करतो तेव्हा थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करणारा लिव्हर) पुढे केला की विमान डावीकडे पळतं आणि गवतात जातं. जॉयस्टिक नवीन आहे, तरी कॅलिब्रेशन परत परत केलं. दुकानदार म्हणतो पीस चांगला आहे. बदलून घेऊ का? (कोल्हापूर)

बदलू नकोस, थांब. आधी स्टिक निर्दोष आहे का ते सिम्युलेटरच्या बाहेर बघ. विंडोजमध्ये विंडोज बटण आणि आर एकत्र दाबून जे-ओ-वाय डॉट सी-पी-एल टाईप कर, तुझी स्टिक दिसेल, तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथे एका चौकोनात छोटी फुली असते. हात पूर्ण काढून घे आणि बघ, फुली मधोमध थांबली पाहिजे. स्टिक चारही बाजूंना नेऊन सोड, परत मध्ये यायला हवी. मग दांडी पिळून रडरची (शेपटीवरचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं हलतं पातं) पट्टी पण तशीच बघ. हे सगळं नीट असेल तर स्टिकला दोष देऊ नकोस.

मग विमान डावीकडे का जातं? तर खरं सेस्ना पण जातं! पंखा कॉकपिटमधून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्याने मागे फेकलेली हवा विमानाच्या अंगाभोवती गुंडाळत जाते आणि शेपटीच्या उभ्या पात्याला डाव्या बाजूने धक्का देते, शेपूट उजवीकडे सरकलं की नाक डावीकडे वळणारच. अजून एकदोन कारणं यात भर घालतात, पण उपाय एकच, उजवा रडर. थ्रॉटल एका झटक्यात फुल करायचा नाही, तीनचार सेकंद घेत सरकवायचा आणि त्याच वेळी दांडी हलकेच उजवीकडे पिळत राहायची, नजर रनवेच्या शेवटच्या टोकावर. वेग ५५ नॉट झाला की स्टिक हळूच मागे.

एक अजून. जमिनीवर असताना स्टिक डावी-उजवीकडे पाडून विमान वळत नाही, त्याने हलतात ते एलेरॉन, म्हणजे पंखांवरच्या झडपा, त्यांचं काम हवेत. जमिनीवर वळवतो तो रडर, म्हणजे पिळणं. नवीन मुलं इथेच अडकतात. सराव करताना हवामान शांत ठेव, बाजूने वारा असेल तर त्याचा वेगळा ओढा लागतो आणि मग काय कशामुळे होतंय ते कळत नाही. सिम्युलेटरच्या असिस्टन्स सेटिंगमध्ये ऑटो रडर आहे, लावलास तर विमान सरळ धावेल, पण माझं स्पष्ट मत, लावू नकोस. खऱ्या विमानात रडर पायाने चालवतात, इथे आठवडाभरात पाय नाही तरी मनगट शिकतं.

आणि हो, एक्सबॉक्सचा गेमपॅड पण त्याच कॉम्प्युटरला लावलेला असेल तर काढून ठेव. दोन्हींवर एकच कंट्रोल असाइन असेल तर ते एकमेकांशी भांडतात.

प्रश्न : निवृत्तीनंतर मुलाने जॉयस्टिक भेट दिली. विमान हवेत जातं, पण नाक सारखं वर-खाली होतं, एक मिनिट सरळ उडत नाही. सेन्सिटिव्हिटी वाढवून पाहिली, आणखीच बिघडलं. (नाशिक)

काका, वाढवायची नव्हती, कमी करायची होती. खऱ्या सेस्नात हातातलं चाक बरंच मागेपुढे जातं. तुमच्या टेबलावरची दांडी तेवढ्याच कामासाठी जेमतेम काही सेंटीमीटर हलते, म्हणजे तुमच्या बोटाची बारीकशी थरथर विमानाला जोराचा हिसका वाटते. कंट्रोल्समध्ये जाऊन सेन्सिटिव्हिटी उघडा. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा) आणि एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलतं करणारे), दोघांच्याही प्लस आणि मायनस दोन्ही पट्ट्या सारख्याच, उणे ३० टक्क्यांवर आणा. आलेखातली रेषा मध्यभागी सपाट होईल आणि कडेला चढेल, म्हणजे मध्ये स्टिक शांत, टोकाला पूर्ण ताकद. तरी नाचत असेल तर उणे ४०. उणे ५० च्या खाली मात्र जाऊ नका, कारण मग लँडिंगच्या वेळी नाक उचलायला स्टिक मागे घेता तर आधी काहीच होत नाही आणि नंतर एकदम होतं, रनवेवर आपटायला तेवढं पुरतं. डेड झोन, म्हणजे मध्याजवळची जी हालचाल धरलीच जात नाही ती, दोनतीन टक्के पुरे.

पण निम्मा आजार ट्रिमचा, म्हणजे हात न लावता नाक एका जागी धरून ठेवणाऱ्या सोयीचा आहे, आणि तो सेटिंगने जात नाही. तुम्ही सगळा प्रवासभर स्टिक थोडी पुढे दाबून धरून बसत असणार, हो ना? कुणाचाही हात थकतो, थकला की सुटतो, सुटला की नाक वर. त्यासाठी हे करा : ट्रिम अप आणि ट्रिम डाउन अंगठ्याजवळच्या दोन बटणांवर घ्या. एका उंचीवर या, इंजिनचा वेग मिनिटाला २३०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा, नाक क्षितिजावर धरा. स्टिक पुढे दाबावी लागतेय म्हणजे ट्रिम डाउन. एक टिचकी मारा आणि स्टिक किंचित सैल सोडा, परत एक टिचकी, परत किंचित सैल. खऱ्या विमानात हाताला जाणवणारा दाब नाहीसा होईपर्यंत ट्रिमचं चाक फिरवतात, आपल्या स्टिकच्या स्प्रिंगला ते कळत नाही, म्हणून दांडी आपण स्वतःच मध्यापर्यंत परत आणायची. ती मध्यावर आली आणि चढ-उताराचा काटा शून्यावर थांबला की हात काढा. विमान आपलं आपण उडत राहील, आणि काका, तो पहिला क्षण फार सुंदर असतो, खिडकीतून खाली गोदावरी बघायला वेळ मिळतो! थ्रॉटल बदलला की ट्रिम परत करायचं, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : थ्रॉटल उलटा चालतो. पुढे केला की इंजिन मंद, मागे केला की फुल. (लातूर)

कंट्रोल्समध्ये थ्रॉटलच्या अ‍ॅक्सिसशेजारी रिव्हर्स अ‍ॅक्सिसची खूण आहे, ती करा. काम झालं. मूळ प्रोफाइल (सेटिंगचा तयार संच) बदलता येत नाही, सेव्ह करताना नवीन नाव मागतं, ते द्या.

प्रश्न : सेकंडहँड लॉजिटेक एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो जॉयस्टिक घेतली. सरळ उडताना मध्येच शेपूट झटके देतं. (पिंपरी)

हा दोष पिळण्याच्या भागातल्या पोटेन्शिओमीटरचा, म्हणजे दांडी किती पिळली ते मोजणाऱ्या भागाचा. आत एक घासणारा संपर्क असतो, वापरून झिजतो, धूळ बसते, आणि मग सिग्नल उड्या मारतो. वर सांगितलेल्या विंडोजच्या खिडकीत रडरची पट्टी बघा, हात न लावता थरथरत असेल तर तेच. थरथर फक्त मध्यावर असेल तर डेड झोन १० टक्क्यांपर्यंत वाढवून भागेल. सगळीकडेच असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघा, प्लग काढून, आणि पूर्ण वाळू द्या. सेन्सिटिव्हिटी कमी करून हा दोष झाकायला जाऊ नका, रडर मेल्यासारखा होईल आणि झटके तसेच राहतील.

प्रश्न : मुलगी डावखुरी आहे, बारा वर्षांची. तिच्यासाठी कुठली घ्यावी? (ठाणे)

बऱ्याच स्टिकची मूठ उजव्या हाताच्या आकाराचीच असते, त्यामुळे फोटो नीट बघून घ्या. थ्रस्टमास्टरच्या टी-१६०००एम ची मूठ दोन्ही हातांना चालते, तिचे काही भाग स्क्रू काढून डाव्या बाजूचे बसवता येतात. शिवाय तिच्या मुख्य दांडीत घासणारा भाग नाही, चुंबकावर चालणारे सेन्सर आहेत, त्यामुळे मध्यबिंदू लवकर बिघडत नाही. बटणं मात्र पहिल्याच दिवशी सगळी भरू नका. ट्रिगरवर ब्रेक, वरच्या छोट्या टोपीवर इकडेतिकडे बघणं, दोन बटणं ट्रिमला, दोन फ्लॅप्सला (पंखांमागच्या, हळू उडताना खाली करायच्या झडपा). सिम्युलेटरमधल्या सेस्ना १७२ ची चाकं आत जातच नाहीत, म्हणून त्यासाठी बटण लागत नाही. बाकीची बटणं तिची तिला ठरवू द्या.