कमरेचा कट्टा दाखवणारा शेजारी: पोलिसांना द्यायच्या अर्जात काय लिहायचं

गल्लीतला एकजण दारू पिऊन शर्ट वर करतो, कमरेचा कट्टा (गावठी पिस्तूल) दाखवतो आणि पोरं घरात कोंडून बसतात, हे तुम्ही लिहिलेलं वाचून पोटात गोळा आला. हाच त्रास मी काढलाय. मी वकील नाही, पोलीसही नाही.

११२ तुम्हाला ठाऊकच आहे. फक्त ठिकाण आधी सांगा, फोन कटला तरी गाडी निघेल. हत्यार डोळ्यांनी पाहिलं की शर्टाखाली फुगीर दिसलं, तेही नेमकं सांगा. मोबाइल उगारून व्हिडिओ काढू नका, माणूस चवताळतो.

कोयता-सुरा असेल तर दहा पावलं लांब आहोत म्हणून निर्धास्त राहू नका. २१ फूट अंतर माणूस दीडेक सेकंदात तोडतो. कट्टा असेल तर पत्र्याच्या किंवा प्लायच्या दारामागे उभं राहू नका, गोळी आरपार जाते. विटांच्या भिंतीआड खाली बसा. शेजारी यंत्रमाग चालू असतील तर ओरडून उपयोग नाही, खडखडाटात काही ऐकू जात नाही. बाहेरून कडी लागणारं दार असेल तर आजच दुसरी वाट बघून ठेवा.

आता माझी घोडचूक. अर्जात मी 'शिवीगाळ केली, धमकी दिली' एवढंच लिहिलं, कट्टा शेवटच्या ओळीत. ठाण्यात आधी 'हद्द ग्रामीणची' म्हणून परत पाठवलं, मग अदखलपात्र (म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत अशी) नोंद करून हातात कागद दिला. झालं, तपास बंद! विनापरवाना कट्टा बाळगणं हाच शस्त्र कायद्याखाली दखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतील असा, गुन्हा आहे, म्हणून पहिल्याच ओळीत हत्यार लिहा. कोयता असेल तर तो शेतीचं अवजार म्हणून सुटू शकतो, त्यामुळे भर रस्त्यात कुणावर, कसा उगारला ते लिहा.

हद्दीचं कारण ऐकून घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या कायद्याच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द कुठलीही असो, नोंदवावीच लागते, प्रतही फुकट मिळते. नाहीच घेतली तर तोच अर्ज शहरात उपायुक्तांना, ग्रामीणला अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

आणि कुणाला सुरा लागलाच तर रुतलेलं पातं उपसू नका. आजूबाजूने कापड घट्ट दाबून धरा आणि १०८ लावा.