टर्फची जाळी, सामाईक बांध आणि शेजाऱ्याची वाट

प्रश्न : करवीर तालुक्यातील एका गावात माझ्या आणि थोरल्या भावाच्या नावावर १८ गुंठे जमीन आहे. तिच्यावर मी फुटबॉलचे लहान टर्फ केले आहे. चेंडू शेजाऱ्यांच्या गोठ्यात आणि घराच्या पत्र्यावर जातो, अशी त्यांची रोजची तक्रार होती. म्हणून चारही बाजूंनी पंचवीस फूट उंच जाळी मारायचे ठरवले. पूर्वेकडच्या बांधावर खांबांचे खड्डे काढताच त्यांनीच वकिलामार्फत नोटीस पाठवली. या बांधालगत माझ्या हद्दीतून त्यांच्या उसाच्या रानात बैलगाडी आणि ट्रॅक्टर नेण्याची आपली जुनी वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे असून, जाळी मारल्यास ते तहसीलदारांकडे आणि पोलिसांत जाणार आहेत. उत्तरेच्या बाजूने महावितरणची ११ केव्हीची लाइन जाते. मला जाळी मारता येईल का?

उत्तर : आपल्या जमिनीला कुंपण घालण्याचा आपला हक्क शेजाऱ्यांच्या नोटिशीमुळे नाहीसा होत नाही, आणि चेंडूचा त्रास पाहता जाळी मारणे ही आपली जबाबदारीच आहे. परंतु पूर्वेकडची जाळी आज आणि बांधावर मारू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. त्या बाजूचे काम थांबवा आणि उघडे खड्डे आजच फळ्यांनी झाका, कारण तिथे मुले खेळतात आणि एखादे पोर खड्ड्यात पडले तर त्याची जबाबदारी सर्वप्रथम आपल्यावर येईल.

प्रथम हद्दीचा प्रश्न सोडवावा लागेल. दोन गटांमधला बांध बहुधा सामाईक असतो आणि नांगरटीत तो वर्षानुवर्षे इकडे तिकडे सरकलेला असतो, त्यामुळे आज डोळ्यांना दिसणारा बांध म्हणजे नकाशावरची हद्द, असे गृहीत धरता येत नाही. उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा, लगतच्या सर्व खातेदारांना मोजणीची नोटीस मिळेल याची खात्री करावी, मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना आवर्जून हजर ठेवावे आणि नंतर 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा घ्यावा. मोजणी त्यांना मान्य नसेल तर निमताना मोजणीचा, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणीचा मार्ग त्यांना मोकळा आहे. पण हजर राहून सही केलेल्या माणसाला पुढे न्यायालयात हद्दच नाकारणे अवघड जाते. मोजणीत बसवलेले खुणेचे दगड खांबांसाठी हलवू नयेत, तो महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार दंडनीय प्रकार आहे.

हद्द ठरली तरी वाटेचा प्रश्न उरतोच, आणि आपल्या प्रकरणाचा खरा गाभा तोच आहे, कारण जमीन आपली असूनही तिच्यावरून जाण्याचा हक्क दुसऱ्याचा असू शकतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे एखादी व्यक्ती उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्क म्हणून २० वर्षे वाट वापरत असेल, तर तिला त्या वाटेचा हक्क प्राप्त होतो. यातील 'हक्क म्हणून' ही अट निर्णायक आहे. आपल्या वडिलांनी शेजारधर्म म्हणून परवानगी दिली असेल आणि सुगीपुरती गाडी जाऊ दिली असेल, तर तो परवानगीचा वापर ठरतो व त्यातून कितीही वर्षांनी हक्क निर्माण होत नाही. मात्र अशी परवानगी होती हे सांगणारा एखादा कागद किंवा निदान गावातील विश्वासार्ह साक्षीदार आपल्याकडे असायला हवा.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आपण पत्रात लिहिलेली नाही. आपली आणि शेजाऱ्यांची जमीन मुळात एकाच खातेदाराची होती का? तसे असेल आणि वाटणीनंतर किंवा विक्रीनंतर त्यांच्या रानाला आपल्या जमिनीखेरीज दुसरी वाटच उरली नसेल, तर याच अधिनियमाच्या कलम १३ खाली त्यांना आवश्यकतेचा सुविधाधिकार मिळतो आणि त्यासाठी २० वर्षांची अट लागत नाही. म्हणून जुने फेरफार, फाळणी नकाशा आणि सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' हा रकाना तलाठी व भूमी अभिलेख कार्यालयातून काढून आधी स्वतः वाचावा. त्यांना दुसऱ्या बाजूने पाणंद उपलब्ध असेल तर आवश्यकतेचा दावा टिकणार नाही. २० वर्षांच्या वहिवाटीचा दावा मात्र दुसरी वाट असतानाही टिकू शकतो. हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही आणि 'त्यांना पलीकडून रस्ता आहे' एवढ्यावर विसंबून लोक वाट बंद करतात.

तहसीलदारांकडे जाण्याची त्यांची धमकी पोकळ नाही. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. त्यासाठी अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. याउलट जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली, शेतात जाण्यासाठी बांधावरून वाट मिळावी अशी मागणी करता येते आणि तहसीलदार शेतकऱ्याची गरज पाहून निर्णय देतात. त्या निर्णयाने नाराज झालेला पक्ष एका वर्षात दिवाणी दावा लावू शकतो. आपण घाईने, एका रात्रीत जाळी उभी केली तर स्थळपाहणीच्या पंचनाम्यात गाडीची चाकोरी आणि तिच्यात रोवलेले ताजे खांब दोन्ही नोंदले जातील, आणि तोच पंचनामा पुढे दिवाणी न्यायालयात आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून येईल. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३९ खाली न्यायालय उभे केलेले बांधकाम काढून टाकण्याचाही हुकूम देऊ शकते.

पोलिसांच्या धमकीने मात्र घाबरून जाऊ नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ मध्ये गैर निरोधाचा, म्हणजे एखाद्याची वाट बेकायदा अडवण्याचा अपराध सांगितला आहे. पण खासगी वाट अडवण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे असे सद्भावपूर्वक मानून कोणी ती अडवली, तर तो अपराध होत नाही, असा अपवाद त्याच कलमात आहे. वाट खुली ठेवण्याचा तहसीलदारांचा आदेश एकदा झाला की या सद्भावाचा आधार उरत नाही, हेही ध्यानात ठेवावे. उद्या त्यांनी आपले खांब उपटले तर फोटो काढून आगळीक (मालमत्तेचे हेतुपूर्वक नुकसान) व अतिक्रमणाची लेखी तक्रार द्यावी. प्रत्युत्तर म्हणून त्यांच्या बांधाला हात लावू नये.

चेंडूबद्दल त्यांची तक्रार आपण किरकोळ समजू नये. इंग्लंडमध्ये १९५१ साली बोल्टन विरुद्ध स्टोन या खटल्यात क्रिकेटचा चेंडू लागून रस्त्यावरील स्त्री जखमी झाली, तरी ३० वर्षांत साधारण सहाच वेळा चेंडू मैदानाबाहेर रस्त्यावर गेल्याने क्लब निष्काळजी ठरला नाही. पुढे १९७७ च्या मिलर विरुद्ध जॅक्सन या खटल्यात चेंडू लगतच्या घरांकडे वारंवार जात होते, आणि तिथे खेळ बंद पाडण्यास न्यायालयाने नकार दिला तरी क्लबला नुकसानभरपाई द्यावी लागली. हे निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. मात्र चेंडू किती वेळा बाहेर जातो आणि तो अडवण्यासाठी मालकाने काय केले, हे दोन प्रश्न इथेही विचारले जातील. आपला चेंडू रोज जातो. त्यामुळे पूर्वेची जाळी लागेपर्यंत त्या बाजूचा गोलपोस्ट दुसरीकडे फिरवून घ्यावा किंवा टर्फ भाड्याने देणे थांबवावे. रात्री दिव्यांखाली सामने होत असतील तर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक पूर्णपणे बंद ठेवावा.

उत्तरेकडील लाइनबाबत कोणतीही तडजोड नको. ११ केव्हीच्या तारेपासून बांधकामाचे आडवे अंतर किमान १.२ मीटर असावे लागते, आणि वाऱ्याने तार व जाळी दोन्ही हलतात, म्हणून प्रत्यक्षात याहून बरेच अधिक अंतर ठेवावे. खांब उभे करण्यापूर्वी महावितरणच्या उपविभागाकडे लेखी अर्ज करून जागेची पाहणी करून घ्यावी, आणि लोखंडी खांबांना अर्थिंग द्यावे. त्या बाजूला लोखंडाऐवजी नायलॉनची जाळी लावणे मला अधिक सुरक्षित वाटते.

परवानगीविषयी थोडक्यात : राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत कुंपणभिंतीची उंची साधारण १.५ मीटर, आणि वरचा भाग उघड्या जाळीचा असेल तर २.४ मीटरपर्यंत धरली आहे. आपली पंचवीस फुटांची जाळी या मर्यादेत बसत नाही, त्यामुळे आराखडा जोडून नियोजन प्राधिकरणाची लेखी मंजुरी घ्यावी. तासाच्या दराने टर्फ देत असाल तर तो शेतीचा वापर राहत नाही. अकृषिक वापराची पूर्तता झाली नसेल तर आपली तक्रार घेऊन तहसील कार्यालयात जाण्याआधी ती करून घ्यावी.

आता तोडग्याकडे वळतो. पेठापेठांतल्या तालमींनी फुटबॉल जपलेल्या कोल्हापुरात शहराबाहेरच्या मुलांना चांगले मैदान मिळणे ही मोलाची गोष्ट आहे, आणि ते टिकावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणूनच खटल्याआधी मी पुढील मार्ग सुचवतो. पूर्वेकडील जाळी हद्दीपासून ट्रॅक्टर आणि उसाची ट्रॉली सहज जाईल इतकी आत घ्यावी आणि बाहेरची पट्टी वाट म्हणून मोकळी ठेवावी. टर्फ तेवढे अरुंद होईल, पण पाच-पाच खेळाडूंच्या खेळाला त्याने बाध येत नाही. वाटेची रुंदी, वापराचा हेतू, चिखलात दुरुस्ती कोणी करायची आणि चेंडू आणायला कोणी जायचे, हे सर्व लेखी करारात यावे. वाटेचा कायम हक्क देणारा करार नोंदणीकृत असावा आणि त्यावर आपल्या थोरल्या भावाचीही सही हवी. सहहिस्सेदाराच्या संमतीशिवाय केलेला करार पुढे अडचणीचा ठरेल.

नोटिशीचे उत्तर तिच्यातील मुदतीत वकिलामार्फतच द्यावे. त्यात वहिवाट मान्य आहे असे लिहू नये आणि ती कधीच नव्हती असेही लिहू नये. मोजणीचा अर्ज केला आहे, तोपर्यंत पूर्वेचे काम थांबवले आहे आणि चर्चेस तयार आहोत, एवढेच नमूद करावे. त्याच दिवशी दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करावे, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय तात्पुरता मनाई हुकूम होणार नाही. कॅव्हेट ९० दिवस चालते; मोजणी त्याआधी आटोपली नाही तर ते नव्याने दाखल करावे.